बोटुकलीचे तीन महिने

कटल्याचे पिल्लू अडीच सेंटिमीटरचे असते तेव्हा मरळीच्या लेखी तो एक घास, तोही अर्धामुर्धा. तेच पिल्लू दहा सेंटिमीटरचे झाले की अंगाला रुंदी येते, शेपटीत जोर येतो आणि त्याला गिळणे मरळीला पहिल्याइतके सोपे राहत नाही. अडीच ते दहा. माणसाच्या बोटाच्या एका पेरापासून पूर्ण बोटापर्यंतचे हे अंतर, म्हणून मत्स्यशेतीच्या भाषेत या वयाच्या माशाला ‘बोटुकली’ म्हणतात. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले ते मत्स्यजिरे, कारण दिसायला खरोखरच जिऱ्यासारखे. त्यानंतर मत्स्यबीज, मग अर्धबोटुकली आणि शेवटी बोटुकली. आपल्या धरणांत मासा का मिळत नाही, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या नावांच्या मधल्या जागेत दडलेले आहे.

उदाहरणच घ्यायचे तर शिरवळच्या पूर्वेला नीरा नदीवर वीर धरण आहे. १९६५ साली पूर्ण झालेले, उपयुक्त साठा साडेनऊ टीएमसीच्या आसपास. वर भोरकडे भाटघर आणि नीरा देवघर, शेजारच्या खोऱ्यात गुंजवणी, आणि या सगळ्यांचे पाणी शेवटी वीरमध्ये येऊन डाव्या-उजव्या कालव्यांत वाटले जाते. डावा कालवा १८८० च्या दशकातला. बारामती-इंदापूरचा ऊस त्यावर उभा राहिला. उजवा फलटण-माळशिरसकडे जातो. या धरणाचे पाणी कोणाचे, किती आणि कोणत्या आवर्तनात, यावर शंभर बैठका होतात. त्या पाण्यातल्या माशाचा विषय मात्र बैठकीत क्वचितच निघतो.

सिंचनाचे धरण माशाला सोयीचे म्हणून कोणी बांधलेले नसते. ऑगस्टमध्ये ते भरते, दरवाजे उघडतात, खाली नीरेला पूर येतो आणि त्या पाण्याबरोबर मासेही जातात. ऑक्टोबरपासून रब्बीची आवर्तने सुरू होतात, मग उन्हाळी. मे महिन्यात फुगवट्याच्या कडेने चालत गेले तर आधी भेगाळलेली काळी जमीन लागते, मग गाळपेर केलेल्या वाफ्यांच्या खुणा, मग शिंपल्यांचे तुकडे, आणि बरेच आत गेल्यावर पाणी. सप्टेंबरात जिथे सहा-सात पुरुष पाणी होते तिथे शेरडे चरत असतात. ज्या माशाला काठच्या उथळ पाण्यात अंडी घालायची असतात, त्याच्या हंगामात हा काठच पळत असतो. शिवाय रोहू आणि मृगळ हे मुळात गंगेच्या बाजूचे मासे. त्यांना विणीसाठी वाहते, चढते पाणी लागते. साठलेल्या जलाशयात ते वाढतात, पण त्यांची पुढची पिढी तिथे भरवशाने तयार होत नाही. म्हणून दरवर्षी बाहेरून बीज आणून सोडावे लागते. धरणातली मासेमारी ही त्या अर्थाने पेरणीचीच शेती आहे. पेरले नाही तर उगवणार नाही.

हे बीज येते कुठून? १९५७ पर्यंत ते नदीतून गोळा करावे लागे. पावसाळ्यात गंगेच्या काठी जाळी लावून पकडलेले जिरे हावड्याच्या बाजारातून डब्यांत भरून रेल्वेने देशभर जाई, आणि त्यात कटल्याबरोबर नको ते मासेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालून घेतली. आज १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. त्यानंतर जिऱ्याची टंचाई संपली. बीज केंद्रात एका हंगामात जिरे कोटींनी तयार होऊ लागले.

संपली नाही ती बोटुकलीची टंचाई. जिऱ्यापासून बोटुकली करायला तळी लागतात, दोन-तीन महिने लागतात, जागा आणि राखण लागते. आणि बोटुकली झाली तरी ती न्यायची कशी? ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जिरे हजारोंनी मावतात. बोटुकल्या त्याच पिशवीत शे-दोनशे टाकल्या तरी गुदमरतात. म्हणजे जितका मासा मोठा, तितका टेम्पोचा खर्च जास्त. मग होते काय, तर संस्था स्वस्तातले लहान बीज आणते, धरणात ओतते, कागदावर संख्या भरते, आणि मरळ, वाम, शिंगाळा यांची दिवाळी होते. १९९५ साली व्ही. व्ही. सुगुणन यांनी भारतातल्या जलाशयांचा जो मोठा आढावा घेतला, त्यात हेक्टरी सरासरी उत्पन्न वर्षाला सुमारे २० किलो निघाले. मोठ्या जलाशयांचे तर त्याहून कमी, ११-१२ किलोंच्या आसपास. एका हेक्टर पाण्यातून वर्षभरात वीस किलो मासा! अडीच एकर रानातून वीस किलो ज्वारी निघाली तर शेतकरी ते रान पडीक समजेल. लहान तलावांचे उत्पन्न मात्र हेक्टरी ५० किलोच्या घरात होते. लहान तलावात सोडलेले बीज सापडते, राखता येते, आणि जाळे तळापर्यंत पोचते.

बोटुकली वाढवायला पिंजरा उपयोगी पडतो तो इथे.

पिंजऱ्यातील मत्स्यपालन म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र येते: मोठ्या धरणात तरंगणारी लोखंडी नळ्यांची किंवा जाड प्लॅस्टिकची चौकट, सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, चार मीटर खोल असे ओळीने लावलेले कप्पे, त्यात पंगस, आणि दिवसातून तीन वेळा पाण्यावर टाकले जाणारे गोळीखाद्य. हे मॉडेल देशात गेल्या दहा-पंधरा वर्षांत पसरले. झारखंडमध्ये सुवर्णरेखेवरच्या चांडिल धरणात विस्थापितांच्या संस्थांनी ते चालवून दाखवले. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा एका पिंजऱ्याचा प्रकल्पखर्च तीन लाख रुपये धरला होता. सर्वसाधारण गटाला त्यावर ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य होते. एका कप्प्यातून तीन-चार टन पंगस निघतो. आकडा मोठा आहे, आणि तो खोटा नाही.

पण तीन टन पंगस काढायला साडेचार टनांच्या आसपास खाद्य लागते, आणि एकूण चालू खर्चातला निम्म्याहून बराच जास्त भाग या खाद्याचाच असतो. ते खाद्य कारखान्यातून रोखीने आणायचे. मासा विकायचा वायद्यावर. ज्याच्याकडे खेळते भांडवल आहे त्याला हे जमते. काठावरच्या भोई समाजाच्या संस्थेला, जिची तिजोरी म्हणजे अध्यक्षाच्या घरातला पत्र्याचा डबा, तिला ते झेपत नाही; मग पिंजरे संस्थेच्या नावावर आणि धंदा बाहेरच्याच्या हातात, असा प्रकार होतो. दुसरी गोष्ट पाण्याची. शहाण्णव घनमीटरच्या कप्प्यात तीन टन मासा म्हणजे दर घनमीटरला तीस किलोंहून अधिक. इतक्या दाटीत न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा खाली बसत राहते, त्यातला नत्र-स्फुरद पाण्यात मिसळतो, शेवाळ वाढते. ज्या धरणातून गावांच्या नळयोजना पाणी उचलतात तिथे हा भार किती चालेल, हे आधी ठरायला हवे. आणि तिसरी गोष्ट सुटकेची. जाळे फाटले की पंगससारखा परदेशी मासा नदीत जातो. चिलापी देशात आली १९५२ साली. आज भीमेवरच्या उजनी धरणाच्या काठी भिगवणच्या बाजारात ढीग कशाचे लागतात ते पाहावे. नीरा पुढे नरसिंहपूरला त्याच भीमेला मिळते.

मला म्हणून दुसरा, जुना आणि स्वस्त पिंजरा जास्त मोलाचा वाटतो. त्यात मासा विकायला वाढवत नाहीत. त्यात धरणाची पेरणी तयार करतात. बाहेरून आणायचे ते लहान बीज, आणि त्याची बोटुकली करायची त्याच पाण्यात, जिथे तिला पुढे जगायचे आहे. वाहतूक वाचते, पाण्याची सवय आधीच झालेली असते, आणि जाळे फाटलेच तरी जे सुटले ते जिथे सोडायचे होते तिथेच सुटले.

महाराष्ट्रात याचा धडा घालून दिला गेला तो आंबेगाव तालुक्यात, घोड नदीवरच्या डिंभे धरणात. भीमाशंकरच्या पायथ्याची महादेव कोळी आणि कातकरी गावे या धरणात बुडाली. जमीन गेली, डोळ्यांसमोर पाणी उभे राहिले, आणि ती माणसे काही पिढीजात जाळेवाली नव्हती. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने त्यांच्याबरोबर राहून दोन गोष्टी लावून धरल्या: डोंगरउतारावर दगडी बांध घालून भातखाचरे करण्याची पडकई, आणि धरणातल्या मासेमारीवर आदिवासींच्या स्वतःच्या सहकारी संस्थेचा हक्क. मुंबईच्या वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे आले आणि त्यांनी पिंजऱ्यात बीज वाढवून बोटुकली धरणात सोडण्याचे तंत्र या लोकांच्या हाती दिले. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला डिंभ्याचे महत्त्व वाटते ते क्रमामुळे. आधी पाण्यावरचा हक्क, मग संस्था, मग पिंजरा. पिंजरा आधी आला असता तर तो आज काठावर गंजत पडला असता.

आता हा पिंजरा करायचा कसा ते पाहू. शिरवळच्या मंडळींना सामान शोधायला लांब जावे लागणार नाही. मावळपट्ट्यातला बांबू आहे, आणि शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यामुळे दोनशे लिटरचे निळे ड्रम भंगारवाल्याकडे मिळतात. ड्रम घेताना एकच काळजी: त्यात आधी काय भरले होते ते विचारायचे. खाद्यतेल किंवा साबणाचा कच्चा माल असेल तर धुऊन चालतो. कीडनाशक किंवा रंगाचा असेल तर फुकट मिळाला तरी नको.

बुच घट्ट लावलेला दोनशे लिटरचा रिकामा ड्रम पाण्यात पूर्ण दाबला तर तो दोनशे किलो पाणी बाजूला सारतो. त्याचे स्वतःचे वजन नऊ-दहा किलो. म्हणजे एक ड्रम एकशे नव्वद किलो उचलू शकतो. चार बाय तीन मीटरच्या बांबूच्या चौकटीला सहा ड्रम बांधले आणि ते निम्मेच बुडू द्यायचे ठरवले, तरी सुमारे साडेपाचशे किलोंचा भार पेलतो. बांबू, जाळे, खाद्याचे पोते आणि दोन माणसे मिळूनही त्याच्या आत राहतात. निम्मे बुडू द्यायचे याचे कारण, वारा सुटला आणि एका बाजूला लाट आली की उरलेला निम्मा ड्रम आधाराला येतो.

चौकटीला आतून टांगायची ती जाळ्याची पेटी, पाण्याखाली दोन मीटर आणि पाण्यावर हातभर, कारण कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) उडी मारतात. सुरुवातीला जाळ्याचे भोक चार-पाच मिलिमीटरचे, बीज वाढले की दहाच्या आसपासचे. हा बदल बरेच जण टाळतात आणि तिथेच चुकतात. बारीक जाळ्यावर आठवड्याभरात शेवाळाचा थर बसतो, भोके बुजतात, आतले पाणी बदलेनासे होते. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी जाळे ब्रशने घासावे लागते. चार कोपऱ्यांना वाळूची पोती किंवा दगड बांधून जाळे ताठ ठेवायचे, नाहीतर प्रवाहाने पोट आत येते आणि जागा निम्मी होते. वरून आणखी एक जाळे, पाणकावळ्यासाठी आणि खंड्यासाठी. खालून खेकडा जाळे कुरतडतो. पाणमांजर असेल तिथे दुहेरी जाळे लागते, त्याला पर्याय नाही.

पिंजरा कुठे उभा करायचा हा सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि सिंचनाच्या धरणात तो आणखी अवघड. सप्टेंबरात काठाजवळ सोयीची वाटलेली जागा डिसेंबरात चिखलात जाते. जागा निवडायची ती मृतसाठ्याच्या अंगाने, म्हणजे जिथे आवर्तने संपल्यावरही पाणी राहते तिथे, आणि धरणाची भिंत, विमोचक व सांडवा यांपासून लांब. पाटबंधाऱ्याच्या चौकीवर बसलेल्या माणसाला विचारले तर तो गेल्या दहा उन्हाळ्यांत पाणी कुठवर उतरले ते बोटाने दाखवतो. त्याच्याइतका चांगला नकाशा नाही. पिंजऱ्याच्या तळाखाली दीड-दोन मीटर मोकळे पाणी हवेच. वारा हलका लागला पाहिजे, कारण तोच पिंजऱ्यातले पाणी बदलतो.

प्राणवायूचे गणित समजून घेतले तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. वीरची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास ५८० मीटर. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून आणखी थोडा कमी. कटला-रोहूला आरामात राहायला पाच मिलिग्रॅम लागतात, दोन-तीनच्या खाली ते घाबरे होतात. दिवसा पाण्यातले शेवाळ प्राणवायू तयार करते, रात्री तेच शेवाळ तो खाते. त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची, उजाडण्याच्या जरा आधीची. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडी ठेवून हवा गिळताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद. उन्हाळ्यात आणखी एक धोका असतो. वरचे पाणी तापून हलके होते, तळाचे गार आणि जड राहते, दोन्ही मिसळत नाहीत, आणि तळाला कुजणाऱ्या गाळाने प्राणवायू संपवलेला असतो. वळवाच्या वाऱ्याने हे थर उलटले की ते मेलेले पाणी वर येते. मोकळा मासा दूर पळू शकतो, पिंजऱ्यातला पळू शकत नाही.

आणि म्हणूनच बोटुकलीच्या पिंजऱ्याचा हंगाम इतका नेमका बसतो. विणीचा मौसम जुलै-ऑगस्ट, तेव्हा बीज केंद्रात जिरे असते. अडीच-तीन सेंटिमीटरचे बीज हाती येते ऑगस्टअखेर. तोवर धरण भरलेले असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी भरपूर, तापमान बरे, थर उलटण्याचे भय कमी. नोव्हेंबरअखेर बोटुकली तयार होते तेव्हा पूर ओसरून सांडव्याचे दरवाजे बंद झालेले असतात. सोडलेला मासा पुराबरोबर खाली जात नाही. उन्हाळ्यात, जेव्हा पिंजरा खरोखर संकटात येतो, तेव्हा तो रिकामा असतो, ड्रम सोडवून काठावर रचलेले असतात. सिंचनाच्या वेळापत्रकाशी भांडण न करणारी मत्स्यशेतीची ही एकमेव रीत मला माहीत आहे.

आकडे मांडून पाहू. आपला पिंजरा चार बाय तीन बाय दोन, म्हणजे चोवीस घनमीटर. दर घनमीटरला दोनशे बीज धरले तर ४,८००. सत्तर टक्के जगले असे समजू, म्हणजे ३,३६० बोटुकल्या. दहा सेंटिमीटरची बोटुकली साधारण दहा ग्रॅमची. सगळ्यांचे वजन भरले चौतीस किलो. दर घनमीटरला दीड किलोही नाही. पंगसच्या तीस किलोंशी ताडून पाहावे. खाद्य लागले शंभर-सव्वाशे किलो, आणि तेही गोळीखाद्य नव्हे: भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समान भागांत, भिजवून गोळे करून पिंजऱ्यात टांगलेल्या थाळीत. कोरडे फेकले तर निम्मे जाळ्यातून बाहेर जाते. रोहूची पिल्ले जाळ्यावरचे शेवाळही चरतात, तेवढीच त्याची मदत.

शंभर हेक्टरच्या तलावाला हेक्टरी पाचशे बोटुकल्या द्यायच्या तर पन्नास हजार लागतात, म्हणजे पंधरा पिंजरे. वीरसारख्या मोठ्या पाण्याला हे प्रमाण पुरे पडणार नाही, हे उघड आहे. तिथे एखाद-दोन खाडींपासून, एका संस्थेच्या आवाक्यातल्या हिश्शापासून सुरुवात करावी लागेल. खरा उपयोग लघुपाटबंधाऱ्याच्या तलावांना. खंडाळा-फलटणच्या माळावरचे तलाव आहेत, आणि आग्नेयेला सांगलीच्या आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडचे. टेंभू-म्हैसाळच्या उपसा योजनांनी यांतल्या अनेकांत आता पावसाळ्यानंतरही पाणी येते. जे तळे पूर्वी डिसेंबरात तळ दाखवी ते आज मार्चपर्यंत भरलेले असेल, तर त्यात बोटुकली टाकण्याला प्रथमच अर्थ आला आहे.

बीज पिंजऱ्यात टाकतानाची घाई नडते. पिशवी पंधरा-वीस मिनिटे न उघडता पाण्यावर तरंगत ठेवायची, आतले-बाहेरचे तापमान जुळू द्यायचे, मग तोंड सोडून थोडे थोडे बाहेरचे पाणी आत घ्यायचे. पिल्ले आपणहून बाहेर पोहत जातात. पहिल्या दोन दिवसांत काही मरतात. ती रोज काढून मोजावीत आणि वहीत लिहावीत. दर पंधरा दिवसांनी पन्नास पिल्ले वजन करून खाद्य ठरवायचे, शरीराच्या वजनाच्या चार-पाच टक्के. ही वही बायकांच्या बचतगटाकडे असेल तर बरी. दिवसातून दोनदा खाद्य घालायला होडीने जाणारे माणूस एकच असावे, म्हणजे मासा कमी खाऊ लागला तर ते त्याच दिवशी लक्षात येते.

परवानग्या दोन ठिकाणच्या लागतात. पाणी आणि बुडीत जमीन जलसंपदा विभागाची, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून. ठेका ज्या संस्थेचा, तिचाच पिंजरा असावा. नाहीतर नोव्हेंबरात एकाने सोडलेली बोटुकली पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच्या जाळ्यात जाते, आणि त्यानंतर कोणी पिंजरा बांधत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस, सकाळी ऊन चढायच्या आत, पिंजऱ्याची एक बाजू खाली दाबतात. आधीच्या दिवशी खाद्य दिलेले नसते. जाळे एका टोकाने उचलत आणले की सगळी पिल्ले एका कोपऱ्यात गोळा होतात. बादलीने मोजून घेतात, शंभर-शंभरच्या ढिगाने, आणि संख्या मोठ्याने म्हणतात म्हणजे होडीत वही धरून बसलेलीला ऐकू जाते. मोजून झालेली बादली पाण्याला टेकवून तिरपी करायची. काही बोटुकल्या लगेच खोल जातात. काही थोडा वेळ पिंजऱ्याच्याच सावलीत घोटाळत राहतात, थाळी जिथे टांगलेली असायची त्या बाजूला.